सिस्टरला तपासणार कोण

अंक काढणाऱ्या बाईंनी सांगितलं, "काका, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीला शोभेल असं काहीतरी हलकंफुलकं." मी म्हटलं, लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, ह्यात बायकांच्या कमरेखालच्या गोष्टी येणार आहेत, आणि त्या लिहिणार आहे सातवी नापास म्हातारा. ज्यांना चालणार नाही त्यांनी पानं उलटून राशिभविष्य वाचावं. तिथं सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं.

मी सरकारी दवाखान्याचा ड्रायव्हर. कर्जत-खालापूरच्या मधल्या पट्ट्यात आधी जीप चालवली, मग ॲम्ब्युलन्स. रिटायर झाल्यावर घरात बसून सुनेच्या पायात येऊ लागलो, तेव्हा एक जुनी व्हॅन घेतली आणि परत त्याच दवाखान्याला भाड्यानं लावली. सरकारनं मला सोडलं, मी सरकारला सोडलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी हाकणं. दवाखान्याच्या ड्रायव्हरचं खरं काम म्हणजे थांबणं. लसीकरणाला वाडीवर गेलो की डॉक्टर शाळेच्या खोलीत, सिस्टर बायकांच्या घोळक्यात, आणि ड्रायव्हर झाडाखाली एकटा. मग एखादी म्हातारी हळूच यायची, बॉनेटला टेकायची, चिमूटभर तंबाखू मागायची आणि मळत मळत विचारायची, "ड्रायव्हर, ती सुई बरी हाय का रं?"

डॉक्टरला विचारायची नाही. डॉक्टर सुई द्यायलाच आलेला. सिस्टरला विचारायची नाही, सिस्टरला वरून टार्गेट. ड्रायव्हरला टार्गेट नाही, म्हणून ड्रायव्हर खरं बोलणार, असा हिशोब. मला त्या सुईतलं ओ का ठो कळत नसायचं. मी म्हणायचो, "माझ्या पोरांना दिली, नातवंडांना दिली. कोण मेलं नाय." एवढ्यावर आख्खी वाडी दंड उघडे करून उभी राहायची. कोणी काय ऐकून टोचून घेतलं ते वरच्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या तंबाखूला मंजुरी दिली असती.

लस थंड लागते. बर्फाच्या पाट्या घातलेल्या डब्यातून न्यायची, डबा उन्हात ठेवायचा नाही, त्याच्यावर बसायचं नाही. त्या डब्याला आम्ही जावयासारखं जपायचो. माथेरानला गाडी गावात जात नाही, दस्तुरीलाच उतरावं लागतं. तिथून डबा हातरिक्षात बसायचा आणि कल्पना सिस्टर मागून पायी. एकदा एका पर्यटकानं विचारलं, "रिक्षात पेशंट आहे का?" सिस्टर धापा टाकत म्हणाली, "नाही, साहेब आहेत."

ही कल्पना सिस्टर आमच्या उपकेंद्राची नर्स. मूळची लांबची, दिली इथं खोपोलीला. नेमणूक झाली तेव्हा अगदी पोरगी होती. आणि तिच्या हाताखाली होती आमची सुमन.

सुमन माझी बायको. तिचा हुद्दा 'अर्धवेळ स्त्री परिचर'. ह्यातला अर्धवेळ हा शब्द ज्यानं घातला त्याला मला एकदा बघायचं होतं. पाणी तापवणं, चादरी धुणं, बाळ पुसणं, बाळंतिणीच्या सासूला गप्प बसवणं, हे सगळं त्या अर्ध्या वेळात. सिस्टर इंजेक्शन द्यायची आणि सुमन शिव्या. दोन्हीचा गुण यायचा. सुमन गेली त्याला आता तीन वर्षं होतील. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आता ह्या वाक्यावर तुम्ही जसे थांबलात तसंच आमच्याकडेही सगळे थांबतात, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

एकदा आमच्याकडे तपासणीचं शिबिर आलं होतं. हा कॅन्सर आधीच ओळखता येतो. कसा ते सांगतो, कारण पुरुषांना वाटतं फार मोठं काहीतरी ऑपरेशन असतं. बाईला टेबलावर घ्यायचं, आत बॅटरीचा उजेड पाडायचा, आणि पिशवीच्या तोंडाला कापसानं एक आंबट पाणी लावायचं. चायनीजच्या गाडीवर बाटलीत व्हिनेगर असतं ना, त्याचाच सख्खा भाऊ. मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढचं बघायचं. नाही उठला तर बाई भाकऱ्या थापायला मोकळी.

सुमननं त्या शिबिरासाठी घरं पालथी घातली. एक बाई दाराआड लपली तर तिला म्हणाली, "ए, लाजतेस काय गं? चार पोरं काढलीस ती काय पदराआडून काढलीस?" बायका हसत हसत आल्या. सुमननं बॅटरी धरली, सिस्टरनं कापूस दिला, आमच्याच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. शेवटी मॅडमनी हातमोजे काढता काढता विचारलं, "अजून कोणी राहिलंय का?"

"नाही मॅडम, सगळ्या झाल्या," दोघी एका सुरात म्हणाल्या. सुमन आणि सिस्टर.

मी दारात चावी फिरवत उभा होतो. घरी जाताना सुमनला विचारलं, "तुझी झाली का गं?"

"माझी?" ती माझ्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. "उद्या दवाखान्यात डॉक्टरला चहा कोण देणार? मीच ना? आज टेबलावर चढायचं नि उद्या तोच चेहरा घेऊन चहा न्यायचा? आणि केसपेपर कोण लिवणार? आपलाच कंपाउंडर. तुमी काय पण बोलता."

दवाखान्याचा हा नियम कुठं भिंतीवर लावलेला नाही, पण सगळ्यात कडक पाळला जातो. आपल्याच माणसांपुढं आपलं अंग दाखवायचं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तरी साहेबापुढं कधी बनियन काढली होती?

पुढं कधीतरी तिला अंगावरून लाल जायला लागलं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. गावातल्या दुसऱ्या बाईनं असं सांगितलं असतं तर सुमननं तिला झिंज्या धरून दवाखान्यात आणली असती. स्वतःचं होतं तेव्हा म्हणाली, "उष्णता." सिस्टरला सांगितलं, तर सिस्टर म्हणाली, "मावशी, उन्हातान्हात फिरता, उष्णताच असेल." झालं. सबजा भिजायला पडला, गुलकंदाची बरणी आली. मागं औषधांनी भरलेलं कपाट, कमरेला कपाटाची किल्ली, आणि दोघी बसून सबजा पितायत. असं दृश्य जगात फक्त दवाखान्यातच दिसतं.

मुंबईला नेली तेव्हा फार पुढं गेलं होतं. तिथं वॉर्डातही तिनं नोकरी सोडली नाही. शेजारच्या खाटेवरची चादर ताठ घातली नाही म्हणून आयाशी भांडली. मला म्हणाली, "हितं कोणालाच काय येत नाय." त्या आयाला मी गुपचूप बिस्किटं नेऊन द्यायचो, सूड काढू नये म्हणून.

तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. कल्पना सिस्टर कोपऱ्यात बसली होती. निघताना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, उष्णता मी म्हटलं होतं."

मी म्हटलं, "तिनं पण तेच म्हटलं होतं." ती निघून गेली, मी चपला शोधू लागलो.

आता ह्या कॅन्सरची लस आमच्याकडच्या शाळांमधून मुलींना द्यायची ठरली. त्याआधी दवाखान्यातल्या बायकांना शिकवायला कर्जतला एक ट्रेनिंग ठेवलं. सरकारी ट्रेनिंग म्हणजे आधी फोटो, मग चहा, मग ज्ञान. हॉल मोठा, माणसं कमी, फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून आम्हा ड्रायव्हरांनाही आत बसवलं. अशा रीतीनं माझं शिक्षण सुरू झालं.

आमचे नवे डॉक्टर शिकवत होते. पोरगेलेसे, गोरटेले, लाजत लाजत. पडद्यावर बायकांच्या पिशवीचं चित्र आलं. पिशवी, वर दोन्ही बाजूंना नळ्या.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोकडाची मुंडी," वनिता म्हणाली.

वनिता म्हणजे ठाकुरवाडीकडची आमची आशा. आशा ही गावातलीच बाई असते, घरोघर जाऊन दवाखान्याचं सांगते. वनिता सांगते त्यापेक्षा जास्त ऐकवते. हॉल हसला. चित्र खरंच शिंगांसकट तसं दिसत होतं, आता तुम्हालाही दिसेल.

डॉक्टर म्हणाले, "बरं, गावात विचारलं की ही लस कशाची, तर काय सांगाल?"

"ताकदीची," वनिता म्हणाली.

"रक्तवाढीची," मागून कोणीतरी.

"मुलींच्या एकंदर आरोग्याची," कल्पना सिस्टर.

"अहो, पण कॅन्सरची आहे!"

"डॉक्टर, तुमी बसा जरा," वनिता उभीच राहिली. "कॅन्सरची सांगितली, तर विचारतील कुठला. मग विचारतील होतो कशानं. आता तुमीच सांगा बरं होतो कशानं."

डॉक्टर लाल झाले. पण पोरगा हिमतीचा. त्यांनी सांगितलं, एक विषाणू असतो, तो नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, म्हणून ही लस मुलींना लहानपणीच द्यायची, तशी काही वेळच यायच्या आधी. सगळा हॉल पंख्याकडं बघायला लागला. पंखा बंद होता.

"बघा," वनिता म्हणाली. "आता गावात म्हणतील, आमची पोरगी काय तसली हाय का? आणि मार खायला आमी. तुमी आपले क्वार्टरमधी."

डॉक्टरांनी विषय बदलला. विचारलं, "तुमच्यापैकी किती जणी आपल्या मुलीला लस देतील?" सगळे हात वर. फोटो काढला गेला. डॉक्टरांना जोर आला. "छान! आता, किती जणींनी स्वतःची तपासणी करून घेतलीय?"

हात असे खाली आले की जणू वरून वीज पडली. एकच हात वर राहिला, तो दारातल्या शिपायाचा. तो चहा किती सांगू विचारत होता.

मला राहवलं नाही. उभा राहिलो. म्हटलं, "डॉक्टर, माझी बायको ह्यानं गेली. मग तिला तो कोणाकडून आला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "काका, ते कोणालाच सांगता येत नाही. हा विषाणू खूप जणांना कधी ना कधी होतो. पुरुषांना बहुधा कळतही नाही. बहुतेकांचा आपोआप जातो, एखाद्याचा अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो. त्यात कोणाचा दोष धरू नये."

डॉक्टरांनी मला सोडून दिलं. मी बसलो. पण असं सोडून दिलं म्हणून माणूस सुटतो थोडाच.

परत येताना वनिता मागच्या सीटवर घोरत होती, सिस्टर माझ्या शेजारी. बाहेर थंडी, काचा बंद. सिस्टरनं पर्समधून बाटली काढली आणि प्यायली. बाटलीत काळे काळे दाणे फिरत होते.

मी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं काका?"

"थंडीत सबजा?"

मी इंजिन बंद केलं. "सिस्टर, किती दिवस चाललंय?"

"काका, गाडी चालवा."

"मी एक बाई घालवलीय ह्या सबजावर. आता नाय चालवणार."

मग बोलली. दोन पाळ्यांच्या मध्येच लाल जातं, नवऱ्याजवळ गेल्यावरही जातं. बरेच महिने. मी म्हातारा माणूस, हे ऐकताना नजर स्टिअरिंगवर ठेवली. म्हटलं, "तुमाला तर सगळं म्हायती हाय. तुमी गावाला शिकवता. मग?"

"माहीत आहे म्हणूनच भीती वाटते काका." ती बाटलीचं झाकण लावत होती, लागत नव्हतं. "ज्या बाईला माहीत नाही ती म्हणेल, नशिबात होतं. मला माहीत आहे हे कशानं होतं. दिलीपलाही माहीत आहे, मीच बोलले होते घरात, मोठ्या हौशीनं. उद्या डाग निघाला तर तो पहिलं काय विचारेल? माझी ड्युटी कुठं कुठं, कधी कधी. संसाराच्या बारा वाटा होतील. आणि सईचं कळलं ना तुम्हाला? तो म्हणतो, आपल्या मुलीला असली लस कशाला. हात वर केला मघाशी मी. खोटा केला."

दिलीप म्हणजे तिचा नवरा, एका कंपनीत सुपरवायझर. सई त्यांची पोरगी, आठवीत.

"पण तपासून तर घ्या."

"कुठं? आपल्या दवाखान्यात? तालुक्याला? सगळीकडं माझ्या बॅचच्या बसल्यात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येईन."

मी म्हटलं, "मग घाट चढू. पलीकडं तुमाला कोण कुत्रं वळखत नाय."

मागून आवाज आला, "मी पण येते." वनिता. घोरत नव्हती तर. "माझी पण नाय झालेली. आणि घाटावर मिसळ बरी मिळते."

एका रविवारी निघालो. घरी सांगितलं देवदर्शन. दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. खोपोली सोडून घाट चढताना मी बजावलं, "तिथं नर्स-बिर्स सांगू नका. साध्या बाया म्हणून जा." तिथलं हॉस्पिटल एका ट्रस्टचं होतं. खिडकीवर विचारलं, काम काय करता? सिस्टर म्हणाली, शेती. वनिता म्हणाली, "मी हिच्या शेतावर." म्हणजे पहिल्याच मिनिटाला मालकीण करून टाकली सिस्टरला.

तिथली नर्स सगळ्या बायकांना बाकावर बसवून समजावत होती. तपासणीचं बरं सांगितलं. मग लसीवर आली. म्हणाली, "तुमच्या मुली असतील तर त्यांचं लग्न ठरलं की लस द्या, म्हणजे चालतं."

मी दाराबाहेर होतो. सिस्टरची बोटं पदरात चुळबुळायला लागलेली मला दिसली. वनितानं तिच्या मांडीवर चिमटा काढला. पण नाही.

"असं कसं चालतं?" सिस्टर म्हणाली. "लग्नाची वाट कशाला बघायची? नऊ ते चौदामध्ये दिली तर अंगात जास्त चांगली तयारी होते. आणि लस घेतली तरी पुढं तिशीनंतर तपासणी सुटत नाही, तेही सांगा ना."

ती नर्स बघतच राहिली. "ताई, तुम्ही शेती करता ना?"

"रेडिओ लावून करतो," वनिता म्हणाली.

नर्सनं दोघींना बाजूला घेतलं. मला वाटलं आता आमची वरात निघणार. ती हळूच म्हणाली, "तुम्ही आपल्याच लाइनीतल्या आहात ना? बसा, पहिला नंबर लावते. मी पण नाही हो केली माझी अजून. इथं कोणापुढं करणार? तुमच्याकडं खाली कोणी चांगल्या मॅडम आहेत का?"

मी आयुष्यात एवढ्या गाड्या अदलाबदल केल्या, पण नर्सांची अदलाबदल करायची कल्पना सरकारला का सुचली नाही कळत नाही. इकडच्या तिकडं, तिकडच्या इकडं. डिझेल तेवढंच लागेल.

वनिता आत गेली, बाहेर आली. "एवढंच?" म्हणाली. "ह्याच्यापेक्षा माझी सासू जास्त तरास देते." तिचं सगळं साफ होतं. सिस्टर आत गेली. तिला वेळ लागला. वनितानं मिसळीचा विषय काढायचं बंद केलं तेव्हा मला कळलं, तीही दाराकडंच बघतेय.

डाग होता. डॉक्टरांनी छोटा तुकडा तपासायला घेतला. काही दिवसांनी फोन आला, मी परत घेऊन गेलो. कॅन्सर नाही, पण ठेवलं असतं तर झाला असता. डाग जागच्या जागी गरम करून जाळता येईल, बाई चालत घरी जाईल. सुमनला ज्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं "अजून कोणी राहिलंय का", त्या दिवशी तिचंही एवढंच असेल का, हा विचार मी गाडीच्या बाहेर ठेवतो. आत आला की घाटात गाडी चालवता येत नाही.

पण जाळल्यावर महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं. सिस्टर म्हणाली, "मग राहू दे. पुढं बघू."

"पुढं म्हंजे कुठं? माझ्याकडं ये बघायला, भिंतीवर हार घालून लावलीय एक," मी म्हटलं. चढ्या आवाजात बोललो. ती रडली. मग मीच म्हटलं, "चल पोरी, मी येतो घरी."

दिलीप माणूस वाईट नाही. मला बसवलं, चहा सांगितला. आतल्या खोलीत त्याची आई टीव्ही बघत होती. सिस्टरनं सांगितलं, जसं गावात सांगते तसंच, खाली बघून, पाठ केल्यासारखं. दिलीप ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं तेच विचारलं, जे विचारेल म्हणून ती इतके महिने सबजा पीत होती.

"पण हे आलं कुठून?"

विचारलं तिला. बघत होता तिच्याकडं. सिस्टर, जिनं आख्ख्या तालुक्याला दंड उघडायला लावले, ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. आत टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

दिलीप दचकला. "काय काका?"

"आमच्या घरात माझ्याकडून आला. सुमन कुठं गेली होती? उपकेंद्र नि घर, घर नि उपकेंद्र. मी लग्नाआधी ट्रकवर होतो. खोपोलीपासून पार गुजरातपर्यंत एक ढाबा सोडला नाय. आता बोल. बायको माझी मेली, पण रोग माझा. हिला काय विचारतोस रं? स्वतःला इचार. मला इचार. पुरुषाला कळत पण नाय, झोपून राहतो म्हणे अंगात."

"काका, माझ्या घरात बसून तुम्ही…"

"तुझ्या घरात बसून तुझाच चहा पितोय आणि तुझीच बायको वाचवतोय. माझ्या घरात असा कोणी येऊन बसला असता तर मी त्याला रोज चहा पाजला असता."

दिलीप उठून खिडकीशी गेला. खिडकीची कडी काढली, परत लावली. मग म्हणाला, "कधी जायचंय?"

आता खरं-खोटं विचाराल. ट्रकवर होतो, ते खरं. बाकीचं मी इथं लिहिणार नाही, कारण ते मलाच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. सुमननं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. पण त्या खोलीत कोणीतरी 'माझ्याकडून' म्हटल्याशिवाय गाठ सुटत नव्हती, आणि मी सगळ्यात म्हातारा होतो. माझं लग्न मोडायचं राहिलं नव्हतं.

दिलीपनं तिला स्वतः नेलं, मोटारसायकलवर. सिस्टर पुढच्या सोमवारी कामावर. सईला तिच्या शाळेत लस दिली तेव्हा दिलीप गेटबाहेर हेल्मेट घालून उभा होता. कोणी ओळखू नये म्हणून, की सुई बघवत नाही म्हणून, ते त्यालाच माहीत. माझ्याकडं अजून सरळ बघत नाही. न बघू दे.

पण त्याच्या आईनं टीव्हीचा आवाज बारीक केला होता, ते मी विसरलो. आठवड्याभरात खालपासून वरपर्यंत झालं, ड्रायव्हरनं बायकोला रोग दिला. विहारात माझ्या शेजारची जागा जरा जास्तच मोकळी राहायला लागली. चौकातल्या गॅरेजवाल्यानं ऑइल बदलता बदलता विचारलं, "काय काका, कुठला ढाबा म्हणायचा तो?" धाकट्या मुलाचा बदलापूरहून फोन आला, "बाबा, काय बोलून बसलात? आईचं नाव तरी घ्यायचं नव्हतं." तेवढं लागलं. सुमन फार नाकाची होती. तिच्या माघारी तिचं अंगातलं दुखणं मी चार लोकांत ठेवलं, हे तिला आवडलं असतं की नाही, रोज वेगळं उत्तर येतं.

मागच्या महिन्यात ठाकुरवाडीकडच्या शाळेत लस होती. मी डबा उतरवला आणि गाडीत येऊन बसलो. वनिता आता ताकदीची म्हणत नाही. शाळेच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती, "कॅन्सरची हाय! पिशवीच्या तोंडाचा! हसताय काय गं, तुमाला तोंड नाय का?" सिस्टर आत टोचत होती. बायका पोरींना घेऊन येत होत्या, माझ्या गाडीपाशी आल्या की पदर तोंडाला लावून कुजबुजत होत्या, आणि पुढं जाऊन रांगेत उभ्या राहत होत्या. सरकारनं एवढे फ्लेक्स लावले, त्यावर मोठ्या बायांचे हसरे फोटो. त्यांच्याकडं कोणी ढुंकून बघत नव्हतं.

रांगेत एक पोरगी भोकाड पसरून बसली. सुई नको म्हणून मातीत पाय घासत होती. आईनं तिला दंडाला धरून उठवलं, तिचं तोंड माझ्या गाडीकडं वळवलं आणि बोट दाखवून म्हणाली, "गप उभी राहा. तो बघ तिकडं बसलाय तो. त्याच्या बायकोचं काय झालं ठाव हाय ना?"

पोरगी हुंदके देत माझ्याकडं बघायला लागली. काचेवर ऊन येत होतं, तिला दिसेना. मी काच खाली केली आणि नीट दिसेल असा पुढं सरकून बसलो.